राउंड फिगर

सुरुवातीला गेम देतो पन्नास हजार.
खोटे. पण शून्यं खरी दिसतात
रात्री साडेअकराला, भांडी घासून
ओल्या बोटाला स्क्रीन दाद देत नाही तेव्हा.

भाच्याने शिकवलं. म्हणाला, मावशी,
दिवसभर तू हेच तर करतेस,
फक्त इथे मालक तू.

नाव विचारलं. मी लिहिलं : रातराणी बॉक्सेस.
एक शेड, दोन मशिनं, चार माणसं,
चेहरे नाहीत, नुसत्या पिवळ्या टोप्या,
आणि एक बटण : उत्पादन सुरू करा.

दिवसा मी खैरानी रोडला, गाळा नंबर चौदा,
लखमशीभाईंच्या पुठ्ठ्याच्या धंद्यात हिशेब लिहिते.
तीन थरी, पाच थरी, सात थरी.
शेजारच्या गाळ्यात पितळेचे नळ घासतात,
त्याची पूड माझ्या चहावर तरंगते,
सोन्यासारखी म्हणायचं असेल तर म्हणा.
अकरा वर्षं. पगारवाढ मागितली की
भाई पंख्याकडे बघतात,
जशी मंदी तिथूनच खाली येते.

रातराणी वाढली.
कागद कधी महागतो, दिवाळीआधी साठा किती,
उधारीवाल्याशी गोड बोलणं
कितव्या दिवशी थांबवायचं,
हे मला कुणी शिकवलं नव्हतं,
दुसऱ्याच्या वहीत लिहिता लिहिता
माझ्यात साचलं होतं.
सहा महिन्यांत तीन शेड. टोप्या चाळीस.
संघर्षनगरात सातवा मजला, लिफ्ट बंद,
पाणी पहाटे पावणेसहाला,
आणि मी चाळीस जणांना बोनस देऊन झोपायचे.

मग बाजारात एकजण आडवा आला.
कच्छ किंग.
दुपारी दोन ते चार गायब,
चार वाजून पाच मिनिटांनी दर पाडायला हजर.
माल घेताना पैशापैशासाठी हुज्जत,
आणि शेवटी दर वेळी एकच ओळ :
राउंड फिगर करा ना.

राउंड फिगर करा ना.
मी मोबाईल उशीखाली सरकवला.
परत काढला. हसू आवरेना.
नवरा कुशीवर वळत म्हणाला, काय झालं?
म्हटलं, काही नाही. धंदा.

महिनाभर मी त्यांना झोपू दिलं नाही.
सकाळी भाई डोळे चोळत केबिनबाहेर यायचे :
कोळंबकर बाई, बारा रुपयांचा खोका
कुणी नऊला विकतो, त्याला परवडतं कसं?
कटिंगचा कचरा, मी म्हणाले,
तो परत लगद्याला विकत असेल.
आपणही विकायला हवा. चार वर्षांपूर्वी सांगितलं होतं.
भाई पंख्याकडे बघू लागले.

एका शनिवारी त्यांनी फोनच पुढे केला.
जरा बघा, कुठे गळतंय.
गोदाम बघितलं, कर्ज बघितलं,
मग पगारपत्रक.
अकाउंटंट, एक. बेचाळीस हजार.
मी वर बघितलं नाही.
भाई म्हणाले, काय करणार बाई,
इथे कमी दिलं की माणसं सोडून जातात.
गेमच तसा बनवलाय.

काचेवर पितळेची पूड बसली होती.
ओढणीने पुसून फोन परत दिला.
म्हटलं, गळत नाहीये कुठे. ठीक चाललंय.

त्या रात्री रातराणीकडून
कच्छ किंगला निरोप गेला :
तुमच्या अकाउंटंटला आम्ही पन्नास देऊ.
राउंड फिगर.

बराच वेळ काही नाही.
टोप्या खाली-वर होत होत्या,
खोके रांगेने बाहेर पडत होते.
मग उत्तर उमटलं :
ती नाही जायची. अकरा वर्षं आहे.

त्यांची ती कंपनी आठ महिन्यांची.
मी ओळ पुन्हा वाचली.
पुन्हा वाचली.
स्वयंपाकघरात नळ खाकरला.
उठले, बादली लावली,
आणि पाणी भरेपर्यंत
हातातला मोबाईल बंद केला नाही.