एक ते पाच

फॉर्म एकशेचाळीस, दर फॉर्ममागं बारा रुपये.
डोक्याला दुपट्टा, पाण्याची बाटली, निळा पेन.
मे महिन्यातलं नंदनवन, सकाळी दहालाच
डांबर चपलेला धरून ठेवतं.
प्रश्न पहिला: केबलच्या फोनबद्दल आपण किती समाधानी आहात?
एक म्हणजे अजिबात नाही. पाच म्हणजे खूप.

लांजेवारांनी तांदूळ मोजता मोजता सांगितलं,
"पाच लिव्ह. पोरगा सिडनीले आहे, तासभर बोलून राहतो,
बिलात पैसा वाढत नाही.
त्या जुन्या फोनवर तीन मिनिटं झाली का
आमची बाई दारातून घड्याळ दाखवे."
मी पाचला गोल केला.
"पण लाइट गेली ना बाप्पा, का निस्ता डबा."
चार करू?
"राहू दे पाच. हे पोरं बोलावलं तर येतात तरी.
तिकडचा लाइनमन अकराव्या दिवशी आला
अन् खांबावर चढायच्या आधी चहा मागितला."

डॉक्टर पिदूरकर साबुदाण्याएवढ्या गोळ्या पुडीत बांधत होत्या.
"मी हॅलो म्हणते, पेशंट हॅलो म्हणतो,
दोघंही थांबतो. मग दोघंही एकदमच, बोला.
आवाज अर्धा सेकंद कुठं जाऊन येतो
विचार तुझ्या साहेबांना.
खोकला कोरडा की ओला, इथवर पोचेस्तोवर
बाहेरच्या बाकावर चार जण वाढतात."
दोन.

एका घरात कुत्रा होता. ते घर मीच भरलं, तीन.

गोळीबार चौकामागच्या गल्लीत कौतिकाबाई पराते.
टेबलावर दोन फोन शेजारी शेजारी,
एक हिरवे डोळे मिचकावणाऱ्या डब्याला जोडलेला,
दुसरा भुरा, क्रोशाच्या रुमालाखाली,
त्याचं भाडं अजून भरतात.
काहून, मी विचारलं.

"नवा साफ आहे. लय साफ.
तेच तर.
पोरगी गोंदियाले दिली. बोलता बोलता गप्प होते.
पहिले तारेत घूं घूं राहे, खरखर राहे,
त्याच्यात ती मले समजे.
श्वास आत घेतला का सोडला,
पदर तोंडाशी नेला का,
मागं कोणी येऊन उभं राहिलं का.
आता ती थांबली का तिकडे काहीच नसते.
भोक पडल्यावानी.
मी म्हणते, आहेस का? आहेस का?
ती म्हणते, आहे ना आई, कुठं जाते मी."

तर किती लिहू, आजी?
"लिव्ह तुले वाटते ते. तुया नोकरीचा सवाल आहे."

मग रुमाल उचलून तिनं भुरा रिसीव्हर माझ्या हातात दिला.
कानाला लावला. घूं. एकच सरळ आवाज,
पलीकडे कोणी नाही, तरी
कोणी नाही असंही वाटेना.
तेवढ्यात लाइट गेली.
पंखा सावकाश थांबला, डब्याचे डोळे मिटले,
कूलरच्या वाळ्यातून थोडं पाणी टपकलं आणि तेही संपलं.
गल्लीतले माग बंद पडले, एकामागून एक.
माझ्या हातात घूं चालूच.
मी जरा जास्तच वेळ धरून बसले.
त्या गल्लीत अजून सहा घरं बाकी होती.

संध्याकाळी सक्करदऱ्याच्या ऑफिसात गेडाम सरांनी
सरासरी काढली, तीन पूर्णांक सहा. चांगली आहे म्हणाले.
एका फॉर्मवर मात्र थबकले.
इतर सूचना या रकान्यात माझंच अक्षर:
समोरचा गप्प बसला तर ते ऐकू यावं.
"हे काय आहे? तक्रार आहे का?"
माहीत नाही, सर.
"मग नको. असं काही वर गेलं की मलाच विचारतात."
ड्रॉवरमधून व्हाइटनर काढला, हलवला, ओळीवर फिरवला,
फुंकर मारली.
तो सुकेपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही.