तीन अक्षरं

निपाणीत, स्टँडच्या मागं, तंबाखूच्या वखारीला टेकून
एक पत्र्याचं खोकं होतं. त्याला बोर्ड नव्हता.
एकदा होता.
मराठीत लिहिला तर एकांनी डांबर फासलं,
कन्नडात लिहिला तर दुसऱ्यांनी.
मग शिवलिंग कमतेनं दाराला गोणपाट लावलं.
गोणपाटाला भाषा नसते.

आत पाच मशिनी.
जपानातनं मुंबईला कशा आल्या, तिथनं इथवर कशा,
कमतेलाही नीट ठाऊक नव्हतं.
नावं पडद्यावर यायची, पण वाचणार कोण?
जगात एक तरी लिपी अशी होती
जिच्यावरून निपाणीत कुणी भांडत नव्हतं.
बारशी आम्हीच केली:
विमानाची, भुतांची, मारामारीची,
एक गाडीची, जिचं स्टेअरिंग उजवीकडं वळायचंच नाही,
आणि कोपऱ्यात ती रंगीत फुग्यांची,
जिला पोरं 'बायकांची' म्हणायची.

मी धाकट्याला बोलवायला जायचे.
आई म्हणायची, कान धरून आण मेल्याला.
दहा मिनिटं मागं उभी राहायचे. मग वीस.
एकदा दस्तगीर उठला, म्हणाला,
माझी एसटी लागली, खेळतीस काय,
एक जीव शिल्लक आहे.

असं मला त्याआधी कुणी काही दिलं नव्हतं.
शिल्लक जीव.

फुग्यांच्या मशिनीला मी हात लावला नाही.
विमान धरलं.
वरनं गोळ्या यायच्या, आधी तुरळक, मग चाळणीतनं पडल्यागत,
आणि त्यात बोटभर वाट असायचीच,
ती दिसायला लागली की शिंक सुद्धा थांबायची
(वखारीच्या शेजारी शिंक थांबणं सोपं नाही).
एका आठाण्यात तीन जीव.
आठाणे म्हणजे आईच्या पंचवीस विड्या, एक कट्टा.
हा हिशेब मी कुणाला सांगितला नाही.
मरताना मात्र दर वेळी केला.

मारामारीतला एक गडी ठोसा मारताना काहीतरी ओरडायचा.
बसगोंडा म्हणायचा, कन्नड आहे.
धाकटा म्हणायचा, आपल्या चुलत्याचं नाव घेतोय.
दोघं त्यावरून खरंच भांडले,
बाहेर, खऱ्या हातांनी,
आणि बसगोंडाचा दात पडला तेव्हा
कुणाच्याच डोक्यावर पिवळी पट्टी नव्हती,
किती उरलाय ते दाखवायला.

भुतांच्या खेळात डावीकडच्या बोळातनं बाहेर पडलं
की उजवीकडनं आत येता यायचं.
कोगनोळीच्या नाक्यावर असं काही नाही.
तिथं बाहेर पडलं की बाहेरच.

त्या श्रावणात मी पहिली आले.
मशीन म्हणालं, नाव टाक. तीन घरं, इंग्रजी.
एस. एच. ए.
शालनमधला 'शा' तेवढा मावला.
उरलेली मी काचेच्या अलीकडं, घामेजलेली,
आणि मागं सात पोरं गप्प.

रात्री दहाला कमते मेन स्विच ओढायचा.
सकाळी यादीत परत मशिनीची आपली नावं, ओळीनं,
जसं काही घडलंच नाही.
मला राग नाही आला.
संध्याकाळी जाऊन परत लिहायचे.
अकरा वेळा लिहिलं. बाराव्याला आईला कळलं.

परवा रेशनकार्डात नाव दुरुस्त करायला गेले.
एका कागदावर शालना, एकावर सालन,
बँकेत शालनबाई.
खिडकीतली पोरगी कन्नडात म्हणाली, नेमकं काय लिहू?
मी बोटं मोडत बसले.

येताना कमतेच्या घरावरनं आले.
म्हातारा ओळखेना.
परड्यात फुग्यांची मशीन आडवी पडलेली,
काच गेलेली, पोकळीत भुसा घातलेला,
आणि भुशावर एक तांबडी कोंबडी
माझ्याकडं बघत.

हुसकली तर उठली.
खाली तीन अंडी.
मी हात लावला नाही.