एकास बहात्तर

धानोरीत राहायचं तर
वाक्य मध्येच सोडून द्यायची सवय लागते.
डोक्यावरून सुखोई जाईपर्यंत गप्प बसायचं,
मग जिथे सोडलं तिथून उचलायचं.
इथापेकाका तेवढ्यात अर्धा कप चहा संपवतात.

खोक्यात कॅनबेरा आहे,
राखाडी प्लॅस्टिकच्या चौकटींना
चाकं, दारं, शेपटी देठांनी लगडलेली.
देठ अंगाला चिकटून कापायचा नाही,
जरा लांबून कापायचा,
उरलेला कोंब मग बाराशेच्या पेपरने,
पाणी लावून, घाई न करता.
पेपर बोहरी आळीतला. दुकानदाराने विचारलं, गाडीला?
मी म्हटलं, विमानाला.
त्याने सुटे परत दिले, वर पाहिलंही नाही.

मी दिवसभर येरवड्याच्या लॅबमध्ये
लोकांचे दात करते.
एवढं शिकले आहे की
फार पांढरा दात तोंडात खोटा दिसतो.

विमानाच्या नाकात वजन भरावं लागतं,
नाहीतर ते शेपटीवर बसतं.
मी नाकारलेल्या दाढा भरल्या, तीन.
एक नाना पेठेतल्या बाईंची,
टोचते म्हणून दोनदा परत आलेली.

दोन्ही कुशी अजून उघड्या होत्या, तेव्हा काका बोलले.
अठरा वर्षं ते विमानांच्या खाली होते,
वर एकदाही नाही.
"फळीवर प्रत्येक हत्याराची काळी आकृती रंगवलेली असायची.
संध्याकाळी हत्यारं लावली, एक आकृती रिकामी.
सात-सोळांशचा पाना.
माझ्या नावावर."
विमान दोन दिवस उभं.
पंखांची झाकणं काढली, पोट उघडलं,
काठीला आरसा बांधून आत पाहिलं,
"तुमच्या डॉक्टरांसारखं."
"सापडला?"
काकांनी शेपटीवरच्या भुशीवर फुंकर मारली.
"विमान उडालं," म्हणाले.
आणि बऱ्याच वेळाने,
"आत एक ठेवशील?"

सहा इंची पाना, भागिले बहात्तर.
दोन मिलिमीटर, म्हणजे तीळच.
मी तो भिंगाखाली मेणात कोरला,
कुणाच्यातरी कवळीच्या सांगाड्यासोबत
कोबाल्ट-क्रोममध्ये ओतला.
पहिला फसला. दुसऱ्याचा जबडा बुजला.
तिसरा काकांच्या तळहातावर ठेवला,
त्यांनी चष्मा बदलला
आणि म्हणाले, "उलटं टोक जरा जाड होतं."
चौथा.
"चिकटवू नकोस," एवढीच अट.

मग कुशी मिटल्या.
सांध्यावर लुकण, पुन्हा घासणं,
बोटाला जाणवेनासा होईपर्यंत सांधा.
हिरवा, करडा, त्यावर उन्हाने विटलेला तोच करडा.
माहितीपत्रकात पोट स्वच्छ होतं.
"म्हणजे त्यांनी पोट पाहिलेलं नाही."
काकांनी काडीने दाखवलं: तेल इथून गळायचं,
मागे ओढलं जायचं, जरा तिरकं.
पंखाच्या मुळाशी बूट पडायचे, तिथला रंग गेलेला.
मी तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये
चहाच्या दुसऱ्या पाण्याइतका पातळ केला,
खाचेच्या एका टोकाशी टेकवला.
खाच तो आपणच पिऊन गेली.

आता ते टीव्हीच्या वरच्या फळीवर आहे.
पाहुणे म्हणतात, खेळण्यातलं दिसत नाही हो.
नाकातल्या दाढा कुणाला दिसत नाहीत.

काल काका काहीतरी सांगत होते,
सुखोई आलं.
खिडकीची काच, वाट्या, फळी, सगळं थरथरलं.
चहा तसाच राहिला.
आवाज विश्रांतवाडीकडे विरल्यावर ते उठले,
कॅनबेरा दोन बोटांत धरून कानाशी नेलं,
नारळ हलवून पाहावा तसं हलवलं.

"आहे," म्हणाले.

खाली ठेवलं, चाकं सरळ केली,
आणि मघाचं वाक्य उचललं:
"तर गुरुवारी पाणी येणार नाही.
बादल्या भरून ठेव."