ब्रेझना गावची मोजणी

कंपनीनं मला झाडं मोजायला पाठवलं होतं.
सफरचंदाला एक भाव, नासपतीला दुसरा,
कुंपणाच्या तारेचा दर मीटरवर.
गावाखाली कोळसा होता, तपकिरी, ओलसर,
आठ वर्षं पुरेल एवढा.
आठ वर्षांच्या उजेडासाठी सातशे वर्षांचं गाव;
या हिशेबाला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.

सभा भरली बंबाच्या शेडमध्ये.
साहेब म्हणाले, मागचं मागं, आता पुढं बघा.
त्यांच्या पाठीमागं नकाशा टांगला होता,
त्यात गाव आधीच नव्हतं.
लाइपझिगहून आलेली पोरं उभी राहिली,
अंगात आजोबांची जाकिटं, हातात फलक:
आमची भाषा, आमची माती.
निम्म्यांना ती भाषा बोलता येत नव्हती.
मला येत होती.
मी गप्प बसलो.

मग हान्झा कोवालिकोवा उठली, वय एक्याऐंशी.
म्हणाली, मी जाणार.
चाळीस हिवाळे विहिरीचं पाणी ओढलंय,
तुमची ती मुळं माझ्या गुडघ्यांत उतरलीत.
तिकडं नळाला गरम पाणी येतं ना?
तिचा नातू मेर्चिन दार आपटून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी तिच्या परड्यात मोजत होतो.
हे लिहू नकोस, म्हणाली, हे फळत नाही.
नवऱ्यानं लावलंय, त्याला कलम कधी जमलंच नाही.
मी पूर्ण भाव लिहिला.
ती कागदाकडं बघत राहिली,
मग आमच्या भाषेत विचारलं,
तू कुठला रे?

नवं गाव चौदा किलोमीटरवर.
गल्ल्यांना नावं जुनीच दिली:
विहीर-गल्ली, जिथं विहीर नाही.
गिरणीचा रस्ता, जो बसथांब्यापाशी संपतो.
हान्झानं बरणीतून राईच्या पावाचं आंबवण नेलं,
सासूच्या सासूपासून चालत आलेलं.
तिसऱ्या आठवड्यात ते मेलं.
तिनं बेकरीतल्या पोराकडून वाटीभर उसनं आणलं,
त्याला आपलं पीठ घातलं.
पाव आंबट झाला.
तोच आंबटपणा का, असं मी विचारलं,
तर म्हणाली, खा आधी.

मेर्चिन आता तिथल्या शाळेत भाषा शिकवतो,
संध्याकाळच्या वर्गात, कॅसेट ऐकत शिकलेली;
उच्चार रेडिओवरच्या निवेदकासारखे स्वच्छ.
मुलांना विहिरीचा शब्द येतो,
विहीर चित्रात दाखवावी लागते.

खाणीत आता पाणी भरलंय.
उन्हाळ्यात शिडाच्या होड्या फिरतात,
काठावर आइस्क्रीमची गाडी.
मी पेन्शनीत आहे, कधी कधी जाऊन बसतो
उत्तरेच्या टोकाला.
तिथं पाण्याखाली माझं गाव आहे,
ब्रेझनाच्या पंचवीस वर्षं आधी उकरलेलं.
तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो.
आमच्याकडं आलेला मोजणीवाला
चॉकलेट देऊन गेला, एवढं आठवतं.
झाडं अकरा होती.
बहुतेक अकरा.