बाक

इंदूरला, परदेशीपुऱ्याच्या दवाखान्यात
सातव्या खोलीबाहेरचा बाक
बरोबर केसपेपरच्या रांगेसमोर होता.
रांगेत कुणाची ना कुणाची मावशी.
तीन महिने कुणी आलं नाही.

मग शिपाई भागीरथला हाताशी धरून
मी तो मागच्या कडुलिंबाकडे वळवला.

मंगळवारी एक जण आला. हेल्मेट काढेना.
दोस्ताचं विचारायचंय, म्हणाला,
हिंदीत; पण ‘च’ आपल्यातला.
दोस्ताला मराठी येतं?
थांबला.
“येतं. पण त्या जागेला घरच्या भाषेत
फक्त शिवी आहे.”

केसपेपरच्या पाठीवर मी चित्र काढलं,
एकेका भागापुढे नाव लिहिलं.
हेल्मेट काढून त्यानं वाचली सगळी,
पाढ्यासारखी,
एकदा अडखळून पुन्हा पहिल्यापासून.

हेल्मेट माझ्या टेबलावरच राहिलं.
गुरुवारी न्यायला आला,
सोबत खरंच एक दोस्त.