एक हजार चोवीस आठवडे

शुक्रवारच्या बाजारात, जुन्या एसींच्या ढिगाखाली
तो सापडला, मोबाइलच्या टॉवरवरून उतरवलेला
वेळ सांगणारा रिसीव्हर.
विकणाऱ्याला वाटलं सेटटॉप बॉक्स.
तीन दिनार म्हणाला, दोनला दिला,
वर वायरचं भेंडोळं फुकट.

पडदा दुसरीकडून आला.
आमच्या गल्लीतला बकाला बंद झाला तेव्हा
कुंजुमोननं गल्ल्यावरचा हिरव्या आकड्यांचा खांब
मला देऊन टाकला. दोन ओळी, ओळीत वीस अक्षरं.
बारा वर्षं तो गिऱ्हाइकांना फिल्स दाखवत उभा होता.
वीज देताच जुन्या सवयीनं म्हणाला: पुन्हा या.
आता नॅनोसेकंद दाखव म्हटलं,
चिल्लरीचा हिशेब तुला येतोच.

मेंदू काडेपेटीएवढा. घर खजुराच्या पत्र्याच्या डब्याचं,
कानशीनं चौकोन कापताना अंगठा कापला.
अँटेना गच्चीत, पाण्याच्या टाकीला बांधलेली.
इमारतीच्या हारिसला सांगितलं, डिश नाही, घड्याळ आहे.
तो म्हणाला, मोबाइलमध्ये असतं की.
असतं.

लॅपटॉप लागू नये, एवढीच माझी अट होती.
डाळ शिजताना मान वळवली की दिसावं
डोक्यावर किती उपग्रह आहेत,
क्रिस्टलची भट्टी किती तापलीय,
सेकंद कुठल्या बाजूला किती सरकला.

पहिल्या रात्री त्यानं जागा मोजली.
असले रिसीव्हर आधी तेच करतात:
दोन हजार वेळा विचारतात, मी कुठे, मी कुठे,
सगळ्या उत्तरांची सरासरी काढतात
आणि तो विषय मिटवून टाकतात.
यापुढे आपण हलणार नाही असं धरून
उरलेलं सगळं आकाश वेळेच्या कामाला लावतात.
चौतीस मिनिटांत तो फहाहीलचा झाला.
माझा इकामा या महिन्यात संपतोय,
फोटो पुन्हा काढायचेत, निळ्या पडद्यापुढे.

मग तारीख उमटली.
सेकंद खिळ्यासारखा ठोकलेला, वार बरोबर, मंगळवार,
पण साल जवळजवळ वीस वर्षांपूर्वीचं.
उपग्रह आठवडे मोजतात, आणि मोजायला
बोटं दहाच; एक हजार तेवीसनंतर पुन्हा शून्य.
नवे रिसीव्हर हे समजून घेतात.
याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या मंगळवारी मी सटाण्यात होतो,
भिकनशेठच्या दुकानात, टेपचं हेड
स्पिरिटच्या बोळ्यानं पुसत.
एजंटचा फोन गुरुवारी यायचा होता.

दुरुस्ती एका ओळीची: तारखेत
सात हजार एकशे अडुसष्ट दिवस मिळवायचे.
मी डबा बंद केला. स्क्रू चारांपैकी दोनच लावले.

परकार ड्युटीवरून आला, बूट काढता काढता म्हणाला,
तुझं घड्याळ मागे आहे रे.
म्हटलं, सेकंद बघ.
त्यानं मोबाइल काढून शेजारी धरला,
मोबाइलच थोडा मागे निघाला.
तो जेवायला बसला.

बुधवारी वाळूचा वारा होता. उपग्रह आठ, सात, पुन्हा आठ.
त्याला धुळीचं काही नसतं,
खिडकीतून मलाच समोरची इमारत दिसत नव्हती.

फोन दुकानाच्या लँडलाइनवर आला होता,
साडेअकराला. म्हणजे इथले नऊ.
गुरुवारी नऊला मी साइटवर होतो,
केबलच्या ट्रेमध्ये खांद्यापर्यंत हात घालून.
खोलीत कुणी नव्हतं.
तो क्षण पडद्यानं एकट्यानंच पाहिला
सतरा नॅनोसेकंदांच्या फरकानं,
आणि पुढे गेला.

रात्री स्क्रू काढले. ओळ लिहिली.
ओळीपुढे कारण लिहायची सवय आहे मला,
उद्या दुसऱ्या कुणी डबा उघडला तर कळावं म्हणून.
बराच वेळ नुसताच बसलो होतो.
मग लिहिलं: जुना रिसीव्हर.