चमचे मोजणारा

सकाळी माणसं मोजायची, संध्याकाळी चमचे.
माणसं सुभेदार मोजत, चमचे मी.
एकसष्ट सालचा डिसेंबर सरला
आणि फोंड्याच्या छावणीत मला दुभाष्याचं काम मिळालं:
महिना नव्वद रुपये, एक खाकी सदरा,
आणि काटेरी तारेची अलीकडची बाजू.

पलीकडची मला ठाऊक होती.
आग्वादच्या कोठडीत तीन पावसाळे.
समुद्र पायाखाली आपटायचा, दिसायचा नाही.
तिथं मी एक चमचा लपवला होता.
रात्री चिऱ्यांमधला चुना खरवडायचा,
पहाटे शितं चुरून भोक बुजवायचं.
सहा महिन्यांत चार बोटं.
मग एका संध्याकाळी कुणीतरी चमचे मोजले.
उजव्या कानानं मला तेव्हापासून कमी ऐकू येतं.

आता ते माझ्यापुढं रांगेत,
लाल धुळीनं पोटऱ्या माखलेले,
मला 'सिन्योर केंक्रे' म्हणणारे.
एक मेंढपाळ, बकऱ्यांची नावं झोपेत घेणारा.
एक बेटावरचा कोळी, बोट ओलं करून
रोज सांगायचा वारा कुठला.
कुणाला नको होतं त्याचं हवामान, तरी सांगायचा.
त्यांची पत्रं आधी मी वाचायचो.
'आई, आम्ही जिवंत राहिलो
म्हणून वरचे रागावलेत म्हणे.
बोट कधी येईल ते विचारू नकोस.'
या ओळीवर शाई फिरवायचा हुकूम होता.
फिरवली.
ओळ पाठ आहे.

फेब्रुवारीत एकदा दोनशे एकतीस भरले.
हवे होते दोनशे बत्तीस.
पुन्हा मोजले, खरकट्या पाण्यात हात घालून चाचपलं,
आणि वहीत लिहिलं: दोनशे बत्तीस.
अक्षर सुरेख आलं.
दया म्हणू नका याला.
मला बघायचं होतं, ह्यांना किती बोटं जमतात.

शिगम्याच्या रात्री गावात ढोल घुमू लागले
तसे आतले उठून बसले, त्यांना वाटलं बंड झालं.
त्याच रात्री आर्मिंदु फ्रागोझु गेला,
भिंतीतून नव्हे, कचऱ्याच्या लॉरीतून,
केळीची पानं आणि बांगड्यांची डोकी अंगावर घेऊन.
काजूच्या राईतून रात्रभर चालला.
मुरगावचं बंदर गाठायचं होतं त्याला.
पहाटे बोरीला पोचला तर पूल नव्हता.
डिसेंबरात त्यानंच सुरुंग लावला होता,
त्याच हातांनी, वरून आलेल्या हुकुमानं.

होडीवाला बाबल नदीकाठी दात घासत होता.
ह्यानं खिशातून नाणं काढलं.
बाबलनं ते उलटसुलट केलं, उजेडात धरलं.
'हें आतां चलना,' म्हणाला.
मग त्याला बसवलं, पेज वाढली,
सोबत खारातला आंबा दिला,
आणि पोराला फोंड्याला पिटाळलं.
लष्कराला सापडला तेव्हा
तो कोय चोखत होता.

सुभेदार म्हणाले, विचार, का पळालास?
मी विचारलं.
तो म्हणाला, 'पूल बघायचा होता.'
मी सांगितलं, 'घरची आठवण आली, साहेब.'
आठ दिवस अंधारकोठडी.
पाव मीच नेऊन द्यायचो.
एकदा म्हणाला, पूल चांगला होता, नाही?
मी म्हटलं, हो. माझं सासर पलीकडं आहे.

मे महिन्यात सगळे गेले.
कोळी जाताना बोट ओलं करून म्हणाला, नैऋत्येचा.
रिकाम्या बराकीत घोंगड्या झटकताना
कोपऱ्यातल्या खाटेमागं बोट लागलं.
खाट आर्मिंदुची नव्हे, त्याची त्या टोकाला होती.
शितं वाळून खडा झालेली.
खरवडली.
आत दोन बोटं खोल.
बस्स, दोन.

चमचा काही सापडला नाही.
कोठारवाल्यानं मोजले: दोनशे एकतीस.
माझ्या पगारातून अडतीस पैसे कापले.
मी सही केली.